आत्ताच फोन आला

आमच्या वसाहतीतलं टेनिसचं कोर्ट मिलिंदच्या मायच्या हातचं होतं. माजलगावपासून थोड्या अंतरावरच्या साखर कारखान्याची ती वसाहत. अधिकाऱ्यांचे बंगले एका अंगाला, आमच्यासारख्यांची दोन-दोन खोल्यांची घरं मधे, आणि कामगारांच्या चाळी पलीकडे, उसाच्या चिपाडांचे डोंगर रचलेले असत तिकडे. क्लबाच्या मागं कुणा हौशी साहेबानं फार पूर्वी लाल मातीचं कोर्ट करून घेतलं होतं, आणि ते राखायला मिलिंदच्या मायला कामावर घेतलं होतं. दुपारी चारला ती रबरी नळी ओढत यायची, मातीला पाणी मारायची, ते जिरलं की ओलं गोणपाट दोरीला बांधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायची. गळीत हंगामात चिमणीतून काजळी पडायची. आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर पडायची तशीच कोर्टावर. ती काळी फुलं माय शिंदीच्या फड्यानं एवढ्या हलक्या हातानं झाडायची की मातीचा पापुद्रा हलत नसे. मग सुतळी ताणून चुन्याच्या फक्कीच्या रेघा. टेनिस काय असतं हे तिला ठाऊक नव्हतं तेव्हापासून ती त्या रेघा मारत होती, आणि पुढं तर खेळ आमच्यापेक्षा तिला जास्त कळायला लागला. कडेच्या दगडी रोलरवर बसून ती चेंडूचा मातीतला ठसा बघायची आणि निकाल द्यायची. एकदा चीफ इंजिनिअर साहेब तिच्याशी वाद घालायला लागले, तर ती उठलीसुद्धा नाही.

“साहेब, रेघ म्या मारलीय. आत हाय बॉल.”

साहेब हसले आणि गुण देऊन टाकला.

हे चीफ इंजिनिअर साहेब एकटेच राहत. तरुणपणी विद्यापीठाकडून खेळलेले. वसाहतीत खेळणारे अधिकारी सगळे मिळून पाच-सहा, कोर्ट एकच, म्हणून नेहमी चौघांचा डाव व्हायचा. चौथा आला नाही की ते मला नाहीतर मिलिंदला हाक मारायचे, आणि दोघे कमी पडले की दोघांनाही. आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. साहेबांच्या जुन्या रॅकेटी, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेल्या. टेनिस एकट्यानंही खेळतात हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. आम्ही शिकलो ते जोडीनंच. मी मागं, मिलिंद जाळीपाशी. तो डावखुरा. जाळीपाशी त्याचा हात कसा चालायचा हे शब्दांत सांगता येत नाही. जोरात आलेला चेंडू तो नुसता थांबवायचा, आणि तो चेंडू पलीकडं जाऊन निपचित पडायचा. माझी सर्व्हिस जोरकस होती, एवढंच माझं भांडवल. बाकी मी मेहनती होतो. मेहनती खेळाडूला स्वतःविषयी एक गोष्ट फार लवकर कळते आणि ती तो कुणाला सांगत नाही. मलाही कळली होती.

माझे वडील, अण्णा, कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. भोंगा झाला की पाळी सुटायची आणि अण्णा घरी येण्याआधी त्यांचा वास यायचा, उसाच्या रसाचा आणि गंधकाचा मिळून एक. आई शेंगोळे करायची, त्या दिवशी मिलिंद आमच्याकडं जेवायचा. मी त्याच्याकडं जायचो ते येसरासाठी. मायच्या येसराच्या आमटीत भाकरी कुस्करून आम्ही दोघं एका ताटात खायचो, आणि त्याची धाकटी बहीण संगीता आमच्या ताटातला कांदा पळवायची. आमच्या घरी मिलिंदला चहा मिळायचा तो कान तुटलेल्या एका कपात. तो कप त्याचाच होता, दुसरं कुणी त्यात पीत नव्हतं, हे मी कॉलेजात जाईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या मात्र ते पहिल्या दिवसापासून लक्षात होतं. आज हे लिहिताना मला आईचा राग येत नाही. मला त्या घरात बसून इतकी वर्षं चहा पिणाऱ्या माझाच येतो.

आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकलो, मग विद्यापीठाची. मायला त्याच सुमारास दम लागायला लागला. नळी ओढता ओढता ती मधेच खाली बसायची. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप लहानपणीच खराब झालेली आहे. दोनदा तिला दवाखान्यात ठेवलं, दोन्ही वेळा ती पंधरवड्यात परत आली आणि तिसऱ्या दिवशी कोर्टावर. मिलिंद तिच्या हातातून नळी काढून घ्यायचा, ती परत ओढून घ्यायची. “तू खेळ बे. माझं मी बघती,” म्हणायची.

औरंगाबादला व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा होणार असल्याची बातमी चीफ इंजिनिअर साहेबांनीच आणली. व्यावसायिक म्हणजे अगदी तळच्या पायरीची. टीव्हीवर दिसणारे कुणी तिथं येत नाहीत. गावोगाव हिंडणारी, स्वतःचे कपडे स्वतः धुणारी, लॉजात तिघं-तिघं मिळून राहणारी मुलं येतात. पण तिथल्या मुख्य फेरीत एक सामना जिंकला की जागतिक क्रमवारीत गुण मिळतो, आणि नाव यादीत चढतं. कितव्याही नंबरावर का असेना, जगाच्या यादीत. साहेब हे सांगत होते तेव्हा मी मिलिंदकडं बघत होतो. तो रॅकेटची तार बोटानं सरळ करत बसला होता.

निघताना मायनं कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दारात उभं राहतानाही तिनं चौकट धरली होती. अण्णांनी त्यांचा मोबाइल आम्हाला दिला. आमच्या दोघांत तो एकच फोन, आणि तो माझ्या पिशवीत.

एकेरीच्या पात्रता फेरीत आम्ही दोघंही पहिल्याच दिवशी हरलो. मी तर तासाभरात. दुहेरीसाठी नावं तिथंच द्यायची होती, आणि आमचा क्रम सगळ्यांत शेवटचा, त्यामुळं आशा नव्हती. पण एका जोडीतल्या मुलाला ताप आला आणि आयत्या वेळी एक जागा रिकामी झाली. तक्त्यावर आमची नावं कुणी तरी बॉलपेननं लिहिली. मिलिंद तक्त्यापुढून हलेना. “सुध्या, आपलं नाव बरोबर लिव्हलंय बे यांनी,” एवढंच म्हणाला. समोर होते एक उझबेक आणि एक दिल्लीचा मुलगा, तिसऱ्या मानांकनाची जोडी. सामना दुसऱ्या दिवशी अकराला.

त्या सकाळी सव्वादहाला मिलिंद मागच्या कोर्टावर अंग गरम करत होता आणि मी पायऱ्यांवर बसून बुटांची नाडी बांधत होतो. फोन वाजला. संगीता होती. मागं रस्त्याचा गोंगाट, बहुतेक दवाखान्यासमोरच्या फोनच्या टपरीवरून बोलत असावी.

“सुधीरदादा, मायला कालच्याला बीडला आणलंय. भाऊला सांगू नका म्हणली व्हती, खेळू द्या म्हणली. पण आज पहाटंपसून ती भाऊचंच नाव घ्यायलीय. डॉक्टर म्हणले, बोलवून घ्या. लगेच घिऊन या त्याला.”

“लई जास्त हाय का?” मी विचारलं.

ती रडायला लागली. मग म्हणाली, “या तुमी. निघता ना?”

“निघतो,” मी म्हणालो. “लगेच निघतो. मायला सांग, निघाले म्हणून.”

फोन ठेवला तेव्हा मी खरोखर निघणार होतो. हे मी आजही शपथेवर सांगेन, जरी त्या शपथेला काही किंमत नाही. मी उठलो, मागच्या कोर्टाकडं गेलो. मिलिंद भिंतीवर चेंडू मारत होता, एका लयीत, आणि स्वतःशीच गुणगुणत होता. मी कुंपणाच्या जाळीला हात लावून उभा राहिलो. माझ्या कानानं संगीताच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य तेवढं धरून ठेवलं होतं. सांगू नका म्हणली व्हती, खेळू द्या म्हणली. दोनदा दवाखान्यात जाऊन ती परत आलीच होती. दीड तासाचा सामना. हरलो तर त्याहून लवकर. साडेबाराची गाडी धरू. असं एकेक मी मनात मांडत गेलो. आणि या सगळ्याच्या तळाशी जे होतं ते मी तेव्हा बघितलं नाही, आता बघतो. मिलिंदला अशी संधी पुन्हा मिळाली असती. त्याच्या हातात होतं ते. मला मिळणार नव्हती. जगाच्या यादीत माझं नाव चढायचं तर त्याच दिवशी आणि त्याच्याच शेजारी उभं राहून चढणार होतं.

मिलिंदनं वळून बघितलं. “कुणाचा फोन व्हता?”

“अण्णांचा,” मी म्हणालो आणि फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.

पहिला सेट आम्ही हरलो. मला चेंडू दिसतच नव्हता. दुसऱ्या सेटमध्ये मिलिंदनं सामना एकट्यानं ओढून आणला. मी त्याला शेकडो वेळा खेळताना बघितलंय, पण तसा तो आधी कधी खेळला नव्हता. उझबेक मुलाचे फटके छातीवर येत होते, ते हा जाळीपाशी उभा राहून नुसते वळवत होता, दोघांच्या मधोमध, जिथं दोघांनाही वाटावं दुसरा घेईल. कडेला बसलेले दहा-बारा लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि मिलिंद हसायला लागला. बाजू बदलताना आम्ही बाकावर बसायचो, दीड-दीड मिनिट. प्रत्येक वेळी मी ठरवायचो, आता सांगायचं. प्रत्येक वेळी पंच ‘टाइम’ म्हणायचे आणि मी उठायचो. एकदा तर मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

“कावून गप हायेस बे?” त्यानं विचारलं.

“पोटात दुखायलंय.”

“दोन गेम कळ काढ. माझ्या मागं ऱ्हा नुसता.” मग टॉवेलमध्ये तोंड पुसता पुसता म्हणाला, “मगाचा माझा बॉल रेघेवर व्हता. इथं माय पाहिजे व्हती.”

दुसरा सेट टायब्रेकवर घेतला. तिसरा लांबला. पावणेदोनला मिलिंदनं शेवटचा चेंडू दिल्लीच्या मुलाच्या पायात मारला, रॅकेट खाली टाकली आणि मला उचलून घेतलं. त्याच्या घामाचा वास, लाल मातीनं भरलेले त्याचे मोजे, सगळं मला आठवतं. तो माझ्या कानात ओरडत होता, काय ते आठवत नाही. उझबेक मुलानं येऊन हात मिळवला. पंचांनी कागदावर सही घेतली.

मी पिशवीकडं गेलो, फोन चालू केला, कानाला लावला. कुणीच नव्हतं पलीकडं. तसाच काही क्षण उभा राहिलो आणि मग मिलिंदकडं वळलो.

“आत्ताच फोन आला,” मी म्हणालो. “संगीताचा. मायला बीडला नेलंय. आपल्याला निघाया पाहिजे.”

आधी लपवलं ते एक. पण ते समजावता तरी आलं असतं, पोरवयातली चूक म्हणून. हे दुसरं वाक्य मी विजय साजरा करणाऱ्या माझ्या मित्राच्या तोंडावर, त्याच्या डोळ्यांत बघून, नीट विचार करून बोललो. पुढं कितीतरी वर्षं मी पहिल्याच गोष्टीबद्दल स्वतःला कोसत राहिलो, कारण ते सोपं होतं.

मिलिंदनं बूटसुद्धा बदलले नाहीत. रिक्षा करून आम्ही स्टँडवर आलो, सव्वादोनची बीडची गाडी मिळाली. बसायला जागा नव्हती; गेवराईपर्यंत उभे होतो. मिलिंदच्या पायाची लाल माती बसच्या पत्र्यावर सुटून पडत होती. मधे एकदा तो म्हणाला, “तिला सांगतो, तिसऱ्या मानांकनाची जोडी व्हती. मानांकन म्हंजे काय ते समजून सांगावं लागंल.” मी खिडकीबाहेर बघत होतो.

साडेपाचला दवाखान्यात पोचलो. वॉर्डाच्या बाहेर मिलिंदचे वडील भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. कारखान्यात पोती वाहून वाहून वाकलेला माणूस. आम्हाला बघून उठायला गेला आणि तसाच खाली बसला. संगीता आतून आली. तिनं मिलिंदच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या.

“कुठं व्हतास तू? चार वाजूस्तर वाट बघितली तिनं. सव्वाधाला फोन केलता म्या. निघालो म्हणले हे. सव्वाधाला!”

मिलिंदनं तिचे हात धरले. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. तो रागानं बघत नव्हता. लहानपणी साहेबांनी इंग्रजीतून काही सांगितलं की कळलं नाही म्हणून तो माझ्याकडं जसा बघायचा, तसा बघत होता. मी त्याला नेहमी अर्थ सांगायचो. त्या दिवशी माझ्याकडं सांगायला अर्थ नव्हता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं, आणि मग तो आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहतीच्या पलीकडच्या माळावर तिला नेलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील म्हटलं, लोकांनी मागून म्हटलं. चीफ इंजिनिअर साहेब आले होते, अण्णा आले होते. माझी आईसुद्धा आली आणि संगीताला जवळ घेऊन बसली. मी मागं, लिंबाखाली. त्याच वेळी तिकडं आमचा पुढचा सामना होता. आम्ही न आल्यानं समोरची जोडी पुढं गेली.

चार-पाच दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. न जाण्याची हिंमत नव्हती म्हणून गेलो, असं म्हटलं पाहिजे. मिलिंदचे वडील ओट्यावर होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्यांना फोनाचं कळलं होतं की नव्हतं, कळून समजलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. ते अगदी मायेनं बोलत होते.

“तुमचा फोन झाल्यावर लई तरतरी आली व्हती बघा तिला. निघालेत म्हणल्यावर उठून बसली. संगीताला म्हणली, केस इंचर माझे. पोरगं लांबून यायलंय, असं बघून घाबरंल. मग येणी घालून घेतली, लुगडं नीट करून घेतलं, अन दाराकडं तोंड करून बसली. दोन वाजता इचारलं, गेवराई आली असंल का. मंग तीनला इचारलं.”

ते पुढंही बोलत होते. मी ऐकत होतो. अकराची गाडी सव्वादोनला बीडला पोचते.

मिलिंद बाहेर आला. वडिलांना आत जायला सांगितलं आणि माझ्यापासून हातभर अंतरावर ओट्याच्या कडेला बसला. डोक्याचे केस काढलेले नव्हते, दाढी वाढलेली. मी बोलायला सुरुवात केली, मायच म्हणली व्हती सांगू नका, मला वाटलं... त्यानं हात वर केला.

“तू मला सांगायचं व्हतं,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. “कदाचित मी खेळलो असतो बे. तुला काय माहीत? मला खेळायचं व्हतं. मी बी म्हणलो असतो, दीड तासानं जाऊ. मंग ते माझं असतं. मी रडलो असतो, सोताला शिव्या दिल्या असत्या, पण माझं असतं. न्हाईतर गेलो असतो मायकडं. आता मला कवाच कळणार न्हाई, मी काय केलं असतं. ते तू घेतलंस.”

मी म्हणालो, “माफ कर.”

तो उठला आणि आत गेला. दार लावलं नाही, नुसता आत गेला.

क्लबानं मायची जागा त्याला दिली. वर्षभर त्यानं ते काम केलं. संध्याकाळी माझ्या खिडकीतून कोर्ट दिसायचं. तो पाणी मारायचा, रेघा आखायचा, साहेब लोक आले की बाहेर निघून जायचा. चीफ इंजिनिअर साहेबांनी एकदा त्याच्या हातात रॅकेट दिली, त्यानं ती बाकावर ठेवली. पुढं त्यानं सरकारी परीक्षा दिली आणि बीडला गेला. मी त्याआधीच वसाहत सोडली होती. जाण्यापूर्वी माजलगावच्या इंटरनेट कॅफेत बसून मी ती यादी उघडली. अगदी शेवटच्या पानांवर आम्ही दोघं होतो, एकाखाली एक, सारखाच गुण, नावापुढं देशाचं नाव. मी वाचलं आणि दुकानदाराला सांगितलं, बंद करा. पुढच्या वर्षी दोन्ही नावं गळून पडली असणार. मी बघितलं नाही.

पुढं मी विमा कंपनीत नोकरी केली, पुण्यात घर झालं. टेनिस सुटलं. मुलींना मी कधी रॅकेट घेऊन दिली नाही, आणि त्यांनी का म्हणून विचारलंही नाही. माणसाला एवढं वाईट एकदा करता येतं आणि मग तो चांगला नवरा, चांगला बाप म्हणून जगू शकतो, याचं मला अजून नवल वाटतं.

तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. त्यांच्या नावावरच्या एका प्लॉटच्या कागदासाठी मला बीडच्या सरकारी कचेरीत जावं लागलं. खिडकीपुढं रांग होती. माझा नंबर आला तेव्हा पलीकडं मिलिंद बसला होता. केस विरळ झालेले, चष्मा, अंगानं भरलेला; पण पेन डाव्या हातात. त्यानं मला ओळखलं. चष्म्याआडून त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर आली आणि थांबली, मी बघितलं ते. माझ्या तोंडून त्याचं नाव अर्धवट बाहेर पडलं. मागचा माणूस पुढं सरकत होता. मिलिंदनं अर्ज पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं.

“तुमचं पूर्ण नाव सांगा,” तो म्हणाला.

मी सांगितलं. माझं, वडिलांचं, आडनाव. त्यानं लिहून घेतलं.